बादली नंबर अकरा

फॉर्मवरचा तो रकाना जेमतेम दोन बोटं रुंद होता. इमारतीतून रोज निघणारा ओला कचरा, किलोंमध्ये. मी तिथं ‘तीस’ असं लिहिलं आणि पुढचे दोन महिने मला एका जागी धड बसता आलं नाही.

तसा मी मुळातच फार बसणाऱ्यांतला नाही. जेवतानाही माझा एक पाय टेबलाखाली हलत असतो. त्या पायाखाली शिलाई मशीन ठेवलं तर घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे शिवून होतील, असं बायको म्हणते. पण ही अस्वस्थता निराळी होती. ती खोटं लिहिलेल्या माणसाची होती, आणि तीसुद्धा दुसऱ्यांचं खोटं पकडण्याचा पगार घेणाऱ्या माणसाची. मी विमा कंपनीत दावे तपासतो. सव्वीस वर्षांत मी एकच गोष्ट पक्की शिकलो आहे. खरा आकडा ओबडधोबड असतो आणि खोटा आकडा गोल असतो. ज्याचं दुकान खरोखर जळलंय तो सतरा खुर्च्या गेल्या म्हणून सांगतो, ज्याचं जळलेलं नाही तो वीस सांगतो. हे ज्ञान मी मुलीलाही ती दुसरीत असल्यापासून पाजत आलो. किती गणितं झाली, या प्रश्नाला तिनं ‘दहा’ असं उत्तर दिलं की मी लगेच वही मागायचो.

तर ही मुलगी आता विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती आणि एका विषयात अडकली होती. या विषयाला पुस्तक नाही. वेगवेगळ्या शाखांची चार मुलं एका दावणीला बांधतात आणि सांगतात, जा, जगातला एक खराखुरा प्रश्न शोधा, पर्यावरणाला सोसेल असा तोडगा काढा आणि तो चालवून दाखवा. प्रश्न कल्पनेतला चालत नाही. त्याला पत्ता लागतो आणि त्या पत्त्यावर सही करणारा जबाबदार माणूस लागतो. गेल्या वर्षी तिच्या गटानं एक घाण तळं घेतलं होतं. मुलांनी चार महिने पाण्याच्या बाटल्या भरल्या, नकाशे काढले, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर ते तळं आटलं. प्रश्नच उरला नाही तर उत्तर कशाचं तपासायचं, असा शेरा मारून चौघांना नापास केलं. या वर्षी पुन्हा तसं झालं असतं तर पदवी आणखी वर्षभर लांबली असती. तिची एका प्रयोगशाळेत नोकरी ठरली होती आणि तिथली माणसं वर्षभर थांबणार नव्हती. हे सगळं ती एकदा जेवताना अगदी सहज सांगून गेली, आणि माझा टेबलाखालचा पाय थांबायचं नाव घेईना.

अकरा वर्षं मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी होतो. सोळा घरं आणि एक म्हातारा वॉचमन माझ्या अखत्यारीत होते. तळं आटतं, पण कचरा आटल्याचं कुणी ऐकलंय का? मी म्हटलं, आपली इमारत घ्या, सही मी करतो. मग मी रजा टाकून स्वतः विभागाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या कारकुनानं माझ्याकडं न बघता सांगितलं, की तळ्याच्या प्रकरणानंतर नवा नियम आलाय. पंचवीस किलोंच्या आतला कचरा ही घरगुती बाब धरतात, त्याला प्रश्न म्हणत नाहीत. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. आमच्या इमारतीचा कचरा मी कधी मोजला नव्हता, जगात कुणी मोजत असेल असं मला वाटतही नव्हतं. मी पेन काढलं आणि तीस लिहिलं. मुलीनं त्या आकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

गटातली बाकीची तीन मुलं दुसऱ्या दिवशी घरी आली. यंत्रशाखेचा एक उंच मुलगा होता, त्याच्या खिशात सतत पाना असायचा, म्हणून बायकोनं त्याचं नाव पाना ठेवलं. मानसशास्त्राची मुलगी कुणीही काहीही बोललं की मान हलवून ‘हं, हं’ करायची. तिच्यासमोर माणूस आपोआप नको ते बोलून जातो, हे मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं आणि तिच्यापासून चार हात लांब राहायचं ठरवलं. तिसरा वाणिज्य शाखेचा होता आणि तो सगळ्याचा तक्ता करायचा. आमची मुलगी जीवशास्त्राची, म्हणजे कचऱ्याचं खत करणारे जंतू तिच्या वाट्याला आले होते. बेत साधा होता. प्रत्येक घराचा ओला कचरा रोज सकाळी साडेसातला मोजायचा, अंगणात एक फिरता ड्रम बसवून त्याचं खत करायचं, आणि मोजमापामुळं माणसांच्या वागण्यात काय फरक पडतो ते पाहायचं.

इथं विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीनं घोडं अडवलं. माणसाचा कचरा ही त्याची खासगी बाब आहे, त्यावरून त्याचं खाणं, आजारपण आणि भांडणं कळू शकतात, तेव्हा प्रत्येक रहिवाशाची लेखी संमती हवी, असं समितीचं म्हणणं पडलं. मी सभा बोलावली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की संमती नवऱ्याच्या कचऱ्यालाही लागू होते का, कारण तो वेगळा ओळखू येतो. दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टर म्हणाली की ड्रम नको, गांडुळं पाळा. त्यावर कुणीतरी म्हणालं की गांडुळांमागून बेडूक येतील आणि बेडकांमागून साप, मग सेक्रेटरी काय करणार आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक तेवढा वेळ गप्प बसून संमतीपत्र लाल पेनानं तपासत होते. त्यांनी सोळाही प्रती दुरुस्त करून परत दिल्या आणि जाता जाता म्हणाले की आपण उद्या दोन महिन्यांसाठी मुलाकडं निघालोय, परत आलो की सेक्रेटरीपदाचंही जरा बघू. अकरा वर्षं माझ्या प्रत्येक नोटिशीत त्यांनी एक तरी चूक काढलेली आहे. मी हसून त्यांना निरोप दिला. हसण्याला खर्च नव्हता, पण त्रास झाला.

समितीची शेवटची अट अशी, की कुठली बादली कुणाची ते मुलांनाही कळता कामा नये. बादल्यांवर नुसते नंबर टाकायचे. कुठला नंबर कुणाचा याची यादी फक्त सेक्रेटरीकडं, बंद पाकिटात, आणि ते पाकीट थेट परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसमोर उघडायचं. मी यादी केली, पाकीट चिकटवलं, त्यावर सही ठोकली. मुख्याध्यापकांच्या वाट्याला अकरा नंबर आला.

ड्रम आला तो मला जरा ठेंगणा वाटला. पण चार शाखांनी मिळून काढलेल्या ड्रमला विम्यातल्या माणसानं उंची शिकवावी हे बरं दिसलं नसतं. पहिला आठवडा मोजून झाला. तक्ता जेवणाच्या टेबलावर पडला होता, तो मी चोरून पाहिला. बारा पूर्णांक चार. तेरा पूर्णांक एक. अकरा पूर्णांक आठ. मी खुर्चीत बसलो, उठलो, पुन्हा बसलो. हे आकडे खरे होते, कुठलंही शेंबडं पोर सांगेल इतके खरे. मुलगी आली आणि तिनं तो कागद शांतपणे घडी करून दप्तरात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझ्या डोळ्यांसमोर ते आटलेलं तळं उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन स्कूटरवरून भाजीबाजारात गेलो. कोपऱ्यावरची भाजीवाली कोबीची वरची पानं काढून बाजूला टाकत होती. ती मी मागितली. तिनं विचारलं, किती शेळ्या आहेत? आता या वयात मी तिला विद्यापीठ, शाखा आणि नीतिमत्ता समिती कुठून समजावून सांगणार, म्हणून मी म्हणालो, दोन. तिथून पुढं रोज मला त्या शेळ्यांच्या तब्येतीचं सांगावं लागलं. एक खात नाही म्हटलं तर ती मुळ्याचा पाला वेगळा काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गुण आला का ते विचारायची. अठरा किलो पाला घेऊन मी पावणेसातला इमारतीत यायचो. बादल्या रात्रीपासूनच जिन्याखाली रांगेत ठेवलेल्या असायच्या आणि त्या वेळी वॉचमन पाण्याच्या टाकीकडं गेलेला असायचा. मी प्रत्येक बादलीत थोडं थोडं टाकायचो. लोकांच्या बादल्या लोक ओळखतात, त्यामुळं कुणाच्याही बादलीत किलोभराच्या वर टाकणं धोक्याचं. उरलेलं सगळं नंबर अकरामध्ये, कारण अकराचा मालक गावाला गेलेला आणि भांडायला येणारं कुणी नव्हतं. माझ्या स्वतःच्या बादलीत मी काहीच टाकत नव्हतो. सेक्रेटरीच्या घरचा कचरा वाढलेला दिसणं बरं नव्हे.

आणि माझ्या सवयीप्रमाणं मी रोजचं वजन खिशातल्या वहीत लिहून ठेवत होतो. आत नेलेलं लिहिलं नाही तर मला चैन पडत नाही. चोरी करतानाही पावती ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि तो रोज आरशात दिसत होता.

तक्ता आता तिसाच्या आसपास येऊ लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी मुलगी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, सॉरी.” कशाबद्दल म्हणून विचारलं तर काही नाही म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, काहीतरी फोडलं असेल.

पण आकड्यांचा तक्ता इमारतीच्या फलकावरही लागत होता. नंबर वरवर गुप्त होते, तरी प्रत्येकाला आपला नंबर माहीत होताच. एका आठवड्यात घराघरांत अशांतता पसरली. आपण एवढा कचरा करतो यावर कुणाचाच विश्वास बसेना, त्यामुळं प्रत्येकाला घरातल्या दुसऱ्याचा संशय येऊ लागला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी काकांचं ताट जेवण झाल्यावर तपासायला सुरुवात केली आणि काका जेवायला बहिणीकडं जाऊ लागले. दातांच्या डॉक्टरनं बटाटे, गाजरं आणि भोपळासुद्धा सालीसकट शिजवायला घेतला. तिच्या नवऱ्याला मी एकदा जिन्यात भेटलो, तर तो बराच वेळ नुसतं चावतच होता. शरमेपोटी सगळी इमारत काटकसरीला लागली आणि खरा कचरा बारावरून दहावर, दहावरून आठावर आला. साहजिकच माझ्या शेळ्यांची भूक वाढली. दोन पिशव्यांच्या तीन झाल्या आणि पुढं रसाच्या दुकानातला चोथाही घ्यावा लागला. तिथं मी डुकरं सांगितली, कारण शेळ्यांचं तिकडं कळलं तर गोंधळ झाला असता.

ड्रमला मात्र हे मानवेना. तो आधी घुसमटला, मग गळायला लागला आणि शेवटी त्याला असा वास सुटला की डॉक्टरनं मास्क लावून सभा बोलावण्याची मागणी केली. पाना बिचारा रोज नवीन भोक पाडायचा. त्यानं ड्रम तिरका केला, पंखा लावला, दांडा बदलला. आमची मुलगी जंतूंच्या नावानं बोटं मोडत रात्रभर वाचत बसायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला त्यातलं एवढंच कळत होतं की ड्रम चालत नाही म्हणजे त्याला कचरा कमी पडतोय. मी आणखी आणला.

एका सकाळी चौकात स्वच्छता निरीक्षकानं मला अडवलं. भल्या पहाटे पिशव्यांतून कचरा नेऊन रस्त्यावर टाकणाऱ्यांसाठी तो टपून बसला होता. त्यानं विचारलं, कुठं टाकायला निघालात? मी म्हणालो, टाकायला नाही, घरी न्यायला. त्यानं पिशवी उघडून बघितली, मला खालीवर बघितलं आणि आपलं पुस्तक चाळलं. कचरा बाहेर टाकण्याचे सात गुन्हे त्याच्या पुस्तकात होते, घरी नेण्याचा एकही नव्हता. पण गाडी अडवल्यावर कागद झाला पाहिजे. शेवटी त्यानं लिहिलं, की सदर इसम सुमारे वीस किलो ओला कचरा स्वखुशीनं स्वतःच्या घरी नेत असताना आढळून आला, समज देऊन सोडण्यात आले. त्याखाली माझी सही घेतली आणि एक प्रत माझ्या हातात दिली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी कुणी इतकं खरं लिहिलेलं नाही.

घरी बायको दारातच उभी होती. तिला बाजारात भाजीवाली भेटली होती आणि तिनं मोठ्या काळजीनं विचारलं होतं, वहिनी, आजारी शेळी आता कशी आहे? बायको मला ओळखून आहे. ती तिथं ‘बरी आहे’ म्हणाली, भाजी घेतली, घरी आली आणि मग मला विचारलं. मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण तिनं त्या तीन पिशव्या उचलून धुवायला टाकल्या आणि पाठमोरीच म्हणाली, “तिला आजच सांगा.”

“परीक्षा होऊ दे. आता सांगितलं तर तिचा प्रश्नच हातातून जाईल.”

“तुम्ही तिला पास करायला निघालात की तुमच्या तिसाला?”

मी अंगणात गेलो, ड्रमभोवती फेऱ्या मारल्या आणि वास सहन होईना म्हणून परत आलो. सांगायचं मी रोज ठरवत होतो. पण मुलगी रात्री तो तक्ता उलगडून बसली की मी उठून ड्रमपाशी जायचो.

परीक्षा विद्यापीठाच्या सभागृहात होती. इमारतीतली माणसं ‘सहभागी नागरिक’ म्हणून बोलावली होती, त्यामुळं झाडून सगळी आली होती. मुख्याध्यापक आदल्या संध्याकाळीच मुलाकडून परतले होते, तेही पहिल्या रांगेत बसले. परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. लहानखुऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलण्यापेक्षा बघत जास्त होत्या. माझ्याच धंद्यातल्या असाव्यात असं मला उगीच वाटलं. मुलांनी छान सांगितलं. ड्रम घुसमटावा इतका कचरा पहिल्या आठवड्यानंतर एकदम कुठून आला ते मात्र त्यांना सांगता आलं नाही, आणि आमची मुलगी ते लपवूही शकली नाही. कारण आम्हाला सापडलेलं नाही, असं ती सरळ म्हणाली.

मग पाकीट उघडलं. तक्तेवाल्यानं पडद्यावर सोळा बादल्या दाखवल्या आणि बाईंनी यादी वाचायला घेतली. सगळ्यांत उंच खांब अकरा नंबरचा होता, रोज सरासरी सात किलो. बाईंनी नाव वाचलं. मुख्याध्यापक उभे राहिले, त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि वर्गात बोलतात तसं म्हणाले, “माझ्या घराला दोन महिने कुलूप होतं.”

माझ्या पायाचा आवाज आता मला स्वतःला ऐकू येत होता. आत्ता मला कळलं. पाकीट शेवटी उघडणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बंद दुकानात जळालेल्या मालाची यादी देणाऱ्या किती माणसांना मी याच चुकीवर धरलंय, आणि मी स्वतः दोन महिने कुलूपबंद घराला जेवू घालत होतो.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या मुलांना म्हणाल्या, “म्हणजे हे आकडे तुम्ही बसल्या जागी लिहिलेत.” तक्तेवाला पांढरा पडला. आमची मुलगी एवढंच म्हणाली, की आम्ही रोज वजन केलंय. तिचा आवाज बारीक झाला होता. तिच्याकडं बघून बाई हळूच म्हणाल्या, की आकडे चुकले तर माणूस नापास होतो, पण आकडे बनवले तर त्याला पुन्हा परीक्षेलाच बसू देत नाहीत.

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही पाय जमिनीवर गप्प होते.

“आकडे खरे आहेत. कचरा खोटा आहे,” मी म्हणालो. “तो मी आणला.”

मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, तीस, भाजीवाली, दोन शेळ्या, नंतरची डुकरं, अकरा नंबर. खिशातली वही आणि निरीक्षकाचा कागद नेऊन बाईंसमोर ठेवला. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मागं कुणीतरी हसलं. दातांची डॉक्टर हसली नाही. ती म्हणाली, “मी दोन महिने साली खातेय.” पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी काकांकडं पाहिलं आणि काकांनी, आता हिचं काम नाही अशा थाटात, खिशातली बहिणीच्या घरची किल्ली काढून दाखवली. हं-हं करणारी मुलगी पहिल्यांदाच काही न म्हणता भराभर लिहून घेत होती.

बाईंनी माझी वही तक्तेवाल्याकडं दिली आणि म्हणाल्या, वजा करा. तो दहा मिनिटं लॅपटॉप बडवत होता. तेवढ्या दहा मिनिटांत सभागृहातल्या प्रत्येकानं माझ्याकडं एकेकदा बघून घेतलं. मग पडद्यावर नवा खांब उभा राहिला. खरा कचरा पहिल्या आठवड्यात बारा पूर्णांक चार, शेवटच्या आठवड्यात सहा पूर्णांक सात. जवळजवळ निम्मा झाला होता. माझ्या कचऱ्याची लाज वाटून लोकांनी स्वतःचा कमी केला होता. बाई म्हणाल्या, पंचवीसचा नियम विभागाचा, मी उत्तर तपासायला आलेय, आणि विचारलं, की मग ड्रम किती किलोंचा बांधला होता?

पानानं मुलीकडं पाहिलं. मग तोच म्हणाला, “रोज बारा किलोंचा.”

“पण फॉर्मवर तर तीस आहे.”

आता मुलीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठावर हसू होतं, आणि त्यातलं खरं कुठलं ते मला ठरवता येईना.

“बाबा, तीस गोल आकडा आहे,” ती म्हणाली. “मला खिडकीवरच कळलं होतं. आपल्या घरचा कचरा मोजून सोळानं गुणला, तर बारा आले. मी यांना सांगितलं, घरी बाबांसमोर कुणी बोलायचं नाही, आपण बाराचाच बांधू आणि शेवटी खरं लिहू. आणि मग रोज तीसच भरायला लागले. मला वाटलं, मी उगाच तुमच्यावर शंका घेतली.”

म्हणजे ते सॉरी त्यासाठी होतं. माझी अब्रू राहावी म्हणून तिनं बाराचा ड्रम बांधला आणि तिची पदवी राहावी म्हणून मी त्यात रोज तीस कोंबले. दोघांनीही एकमेकांना एक शब्द विचारला नाही. मला तिच्याकडं बघवेना. मी खाली बसलो आणि रुमाल शोधू लागलो, तर खिशात कोबीचं एक वाळलेलं पान निघालं. मुख्याध्यापकांनी पहिल्या रांगेतून वळून स्वतःचा रुमाल पुढं केला. तोही इस्त्री केलेला.

पुढच्याच सभेत ते सेक्रेटरी झाले. पहिल्या नोटिशीत त्यांनी माझ्या कार्याची दखल घेतली आणि ड्रमचा दांडा रोज सकाळी पन्नास वेळा फिरवण्याचं काम माझ्याकडं सोपवलं. बारा किलोंचा ड्रम आता सहा किलोंवर मजेत चालतो, वासही येत नाही. भाजीवालीला मी सांगितलं की शेळ्या गावी पाठवल्या. तिला वाईट वाटलं.

निकालाच्या दिवशी मी अंगणात दांडा फिरवत होतो. मुलगी फाटकातून चालत आली. पळत नव्हती, रडत नव्हती, तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. हे तिला मीच शिकवलंय. पास, एवढंच ती म्हणाली आणि माझा हात दांड्यावर थांबला. मी विचारलं, “किती?”

“एकसष्ट.”

“साठ नाही ना?”

“साठ नाही बाबा. एकसष्ट.”

मग मी वही मागितली नाही.